फरक तेवढाच पाठवा!

हर्णे - 'निसर्ग' चक्रीवादळाने 3 जून 2020 रोजी दापोली तालुक्याला झोडपले आणि वीज व दूरसंचार यंत्रणा कोलमडली. संगणक अद्ययावत ठेवायला वेगवान इंटरनेट हाताशी असणारच, हे गृहीतक किनाऱ्यावर किती तकलादू आहे, हे तेव्हा उघड झाले.

विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. पुढे आलेल्या 56 किलोबिटच्या मोडेमवरून सेकंदाला फार तर 7 किलोबाइट उतरत. त्या वेगाने आजच्या लिनक्स कर्नलचा सव्वाशे मेगाबाइटहून मोठा सोर्स कोड उतरवायला किमान पाच तास लागतील. तेही लाइन तुटली नाही तर! म्हणूनच 'फ्रीबीएसडी' या प्रणालीच्या वापरकर्त्यांना 'सीटीएम' पद्धतीने ईमेलवर केवळ बदल मिळत, तर 'सीव्हीसप' दोन्हीकडचा कोड ताडून फरक तेवढाच आणत असे.

वेग वाढला, तशी ही काटकसर मागे पडली. मात्र सुरक्षेची दुरुस्ती वेळेत पोचली नाही, तर तोटा दुबळ्या जोडणीच्या गावांचाच होतो. सरकारी संगणकांसाठी प्रणाली घेताना अद्ययावतीकरण लहान असावे आणि तुटल्या जागेपासून पुढे सुरू व्हावे, ही अट घालणे म्हणूनच अगत्याचे आहे.