‘आढळले नाही’

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण विसराळू माणसासाठी झाली. कळसा आपल्याच काखेत आहे हे त्याच्या ध्यानात नाही, एवढाच बिचाऱ्याचा अपराध. परंतु समजा, त्याने घरच्या कारभाऱ्याला विचारले आणि कारभाऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितले, “या घरात कळसा नाही!” तर त्याने गावाला वळसा घालू नये तर काय करावे? यंत्रयुगातले वळसे बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात.

संगणकाच्या पडद्यावर ‘मदत’ नावाची एक खिडकी असते. पूर्वी यंत्राबरोबर छापील पुस्तिका येत. हल्ली त्या यंत्राच्या पोटातच असतात. पाने शेकड्यांनी, तेव्हा हवे ते पान काढायचे तर सूची पाहिजे. ती करणारा एक लहानसा प्रोग्राम असतो. ठरल्या वेळी तो सगळी पाने चाळतो आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते टिपून ठेवतो. पुढे आपण शब्द टाइप केला की यंत्र पाने उलगडत बसत नाही. ते फक्त सूचीत डोकावते. मी या प्रोग्रामला सूचीकार म्हणतो. मराठीच्या मास्तराला हा शब्द उच्चारताच शंकर गणेश दाते आठवायचेच; १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली. आता अशा सूचीकाराला एखाद्या ग्रंथालयाचे कपाटच कुलूपबंद मिळाले तर? पुस्तक कपाटात सुखरूप राहील, पण सूचीत येणार नाही. आणि पुढच्या पिढीचा अभ्यासक म्हणेल, असे पुस्तक झालेच नाही.

आमच्या कर्जत-खालापूर भागातल्या महाविद्यालयात नेमके हेच घडले. येथील संगणकांवर लिनक्स आहे. विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही प्राध्यापकांनी मराठीत मदतीची पाने लिहिली. मराठी टंकलेखन कसे करावे, तक्ता कसा आखावा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायच्या दाखल्याची फाईल आकाराने लहान कशी करावी, असे विषय. पाने यंत्रावर चढली. काही दिवसांनी डोंगराकडच्या एका वाडीवरून येणाऱ्या विद्यार्थिनीने ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द टाकला. उत्तर आले, ‘काही आढळले नाही.’ तिने कोणाला विचारले नाही. घरात कॉलेजात आलेली ती पहिलीच; छापल्यासारख्या अक्षरावर तिचा विश्वास. ती खोपोलीला गेली, दुकानात पैसे मोजून काम करून घेतले आणि एक दिवस मोडला. तिला हवे होते ते पान त्याच यंत्रात, त्याच पडद्यामागे होते.

पाने यंत्रावर चढवणाऱ्या गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, “माझ्याकडे तर उघडते की!” आणि खरेच उघडत होते. गोम तिथेच होती.

लिनक्सने ही व्यवस्था युनिक्सकडून घेतली. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला आरंभ केला. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर कोणाचे काय आणि कोणाला किती, हे ठरवणे भाग होते. म्हणून प्रत्येक फाईलला तीन प्रकारचे लोक मानले: मालक, मालकाचा गट आणि इतर जन. प्रत्येकाला तीन हक्क द्यायचे किंवा नाकारायचे: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. त्यांचे आकडे अनुक्रमे ४, २ आणि १. फाईलवर ६४४ असेल, तर मालक वाचील व लिहील, बाकीचे फक्त वाचतील. आपला सातबारा असाच आहे. पाहायला कोणालाही मोकळीक, पण फेरफाराची नोंद करायची ती महसूल खात्याच्या अधिकाऱ्यानेच. उलट ६०० म्हणजे मालकाच्या ट्रंकेतले कागद. दुसऱ्याने हात लावायचा नाही. आमची पाने चढवणाऱ्याच्या खात्यावर जपून ठेवलेली होती, आणि तशीच, ६०० चा शिक्का घेऊन, सार्वजनिक जागी आली. सूचीकार रात्री आपल्या स्वतंत्र खात्याने काम करतो. त्याच्या दृष्टीने तो ‘इतर जन’.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. फाईल ‘चालवता’ येते हे समजते. पण फोल्डर कसे चालवणार? फोल्डरच्या बाबतीत या हक्काचा अर्थ ये-जा. आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे समजवावे लागत नाही. तुमचे शेत तुमचे आहे, झोपडीचे दारही सताड उघडे आहे. पण मधल्या जागेत कोणाचे फार्महाऊस झाले आणि त्याने कुंपण घातले, तर तुमच्या उघड्या दाराचा उपयोग काय? वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. संगणकात अर्ज आपणच करायचा आणि निकालही आपणच द्यायचा, एवढाच फरक. पान ६४४ असले तरी वरच्या एका फोल्डरची वाट बंद असेल, तर सूचीकार कुंपणावरूनच परत फिरतो.

तेव्हा उपाय क्रमाने करावा. पहिली गोष्ट, आपल्या खात्यावरून पाहू नये. सूचीकाराच्या खात्याच्या नावाने पान उघडून पाहावे. दुसरी, ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ या खुणेसह द्यावी. ती मुळापासून पानापर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि हक्क एकाखाली एक मांडते, आणि कुंपण कोठे आहे ते डोळ्यांना दिसते. तिसरी, ‘सीएचमॉड’ने इतरांना वाचण्याचा हक्क द्यावा आणि ये-जा करण्याचा हक्क मोठ्या लिपीतील ‘एक्स’ने द्यावा. हे मोठे ‘एक्स’ फोल्डरांची वाट मोकळी करते, पण साध्या पानांना चालवण्याचा हक्क चिकटवत नाही. चौथी, सूची जेथे लिहिली जाते ती जागा सूचीकाराच्याच नावावर आहे ना, हे पाहावे. आमच्याकडे पहिली सूची कोणीतरी ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून केली होती. सूचीची वही रूटच्या नावावर चढली, आणि पुढे बिचाऱ्या सूचीकाराला तीत एक ओळही लिहिता येईना! ‘सीएचओन’ने ती वही त्याच्या नावावर करून दिली.

शेवटी सूची नव्याने, पहिल्यापासून करावी. हक्क बदलल्याने पानाच्या मजकुराची तारीख बदलत नाही. तारीख पाहून काम करणारा सूचीकार ‘हे तर जुनेच’ म्हणून पान पुन्हा वगळू शकतो.

या सर्व खटाटोपाऐवजी एक आखूड वाट असते, आणि ती सुचवणारे सल्लागार प्रत्येक कचेरीत भेटतात: “सगळ्याला ७७७ देऊन टाका!” म्हणजे सर्वांना सर्व काही. वाट मोकळी करायची म्हणून घराच्या भिंती पाडण्यातला हा प्रकार. युनिक्सच्या कायद्यात साधारणतः ज्याला फोल्डरमध्ये लिहिता येते, त्याला त्यातली दुसऱ्याची फाईलही पुसता येते. दुसरी आखूड वाट सूचीकारालाच रूट करण्याची. मग तो परीक्षेच्या गुणांची फाईलही वाचील, आणि त्यातले शब्द सर्वांच्या सूचीत आणून ठेवील. पाने वाचता यावीत, वाट चालता यावी आणि स्वतःच्या वहीत लिहिता यावे, याहून अधिक त्याला काही नको.

आमची सूची दुरुस्त झाली. ‘शिष्यवृत्ती’ टाकल्यावर पान येते. तथापि एक तक्रार उरते. ज्या रात्री सूचीकाराला पाने नाकारली गेली, त्याच रात्री त्याने आपल्या नोंदवहीत ‘परवानगी नाकारली’ असे पानागणिक प्रामाणिकपणे लिहिले होते. पडद्यावर मात्र ‘काही आढळले नाही’ एवढेच आले. नसणे आणि नाकारले जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘काही पाने वाचता आली नाहीत’ हे एक वाक्य तेथे असते, तर ती मुलगी खोपोलीऐवजी आमच्या दारात आली असती. सरकारी खिडकीवर ‘नाही’ ऐकून माघारी फिरणारी माणसे या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांत यंत्राने भर घालू नये.

दिवाळीच्या आधी आपण माळा झाडतो आणि कोणती किल्ली कोणाकडे आहे तेही पाहून घेतो. ज्यांच्या ताब्यात शाळा-कॉलेजांतली यंत्रे आहेत, त्यांनी त्याच दिवशी सूचीकाराची नोंदवही एकदा उघडून वाचावी. पाच मिनिटांचे काम आहे.