घरांतलें वसतिगृह

"मुलगा घरींच बसून कॉलेज शिकणार, म्हणजे आतां खोलीचें भाडें नाहीं, एस. टी.चा पास नाहीं आणि कष्टहि नाहींत," असे उद्गार अलीकडे आमच्या कानीं वारंवार पडतात. दहावी होऊन गेलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचे पालक भेटले म्हणजे बोलतां बोलतां ही गोष्ट निघतेच. पैकीं पहिल्या दोन गोष्टी आम्हांस मान्य आहेत. तिसरी मात्र मुळींच मान्य नाहीं. ऑनलाइन वर्गांतून कॉलेजचा अभ्यास पार पाडणें हें बाकावर बसून शिकण्यापेक्षां अधिक कठीण आहे, असें आमचें मत आहे. त्या कामीं जे विद्यार्थी मागें पडतात, ते बहुधा बुद्धि कमी पडल्यामुळें नव्हे, तर ही कठिणता वेळींच न ओळखल्यामुळें मागें पडतात. या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं मिळून करावा, एवढ्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

हा प्रश्न साथीच्या काळापुरता होता आणि साथीबरोबरच तो गेला, असें कोणी समजूं नये. सन २०२० च्या मार्चमध्यें शाळा-कॉलेजें बंद झालीं व मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरूं लागले, तेव्हां आपणांपैकीं पुष्कळांस ही रीत प्रथमच दिसली हें खरें. परंतु घरीं राहून शिकण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. कॉलेजच्या दाराशीं जाऊं न शकणाऱ्यांसाठीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालींच निघालें. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें त्याचें ब्रीद आहे. केंद्र सरकारचा 'स्वयं' हा ऑनलाइन शिक्षणाचा मंच २०१७ सालीं सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें कॉलेजच्या एका सत्रांतील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयं'वरून घेण्याची मुभा देतां येते व ते पदवीसाठीं धरले जातात. अर्थात् आज आमच्या शाळेंत आठवी-नववींत असलेलीं मुलें उद्यां कोणत्याहि कॉलेजांत गेलीं, तरी एखाद्या विषयाचा शिक्षक त्यांना पडद्यावरच भेटण्याचा पुष्कळ संभव आहे.

शाळेची इमारत विद्यार्थ्याला काय देते? भिंती, फळा आणि बाक हे तर डोळ्यांना दिसतात; न दिसणाऱ्या गोष्टी त्यांहून मोलाच्या असतात. घंटा होते म्हणून वेळ पाळली जाते. शिक्षकांची नजर फिरते म्हणून मन ताळ्यावर राहतें. शेजारचा मुलगा लिहितांना दिसतो म्हणून आपलाहि हात वहीकडे जातो. ऑनलाइन वर्गांत व्याख्यान तेवढें उरतें. घंटा, नजर आणि शेजार हीं तिन्हीं नाहींशीं होतात. साथीच्या वर्षीं आम्हीं स्वतः असे वर्ग घेतले. एका मुलाचें नांव रोज अगदीं वेळेवर पडद्यावर उमटे. एके दिवशीं आम्हीं त्याला प्रश्न विचारला, उत्तर नाहीं. पुन्हां विचारला, पुन्हां शांतता. पुढें त्यानेंच प्रांजळपणें सांगितलें कीं, वर्ग सुरू करून मोबाइल कोनाड्यांत ठेवावा आणि आपण गोठ्यांत म्हशीची धार काढण्यास जावें, असा त्याचा नित्यक्रम होता. हजेरी लागे, धारहि निघे. बीजगणित तेवढें राहून जाई. त्याच्या खरेपणाचें आम्हांस कौतुक वाटलें, पण हजेरी व अभ्यास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेंहि त्या दिवशीं पक्कें समजलें.

कोल्हापूरकरांना हा प्रश्न अगदींच नवा वाटूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं या शहरांत शाळा होत्या, राजाराम कॉलेजहि होतें. परंतु खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेल्या गरीब मुलानें राहावें कोठें, जेवावें कोठें आणि रात्रीं दिवा लावून बसावें कोठें, ही मोठी अडचण होती. राजर्षि शाहू महाराजांनीं ती अचूक हेरली. १९०१ सालीं येथें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्या सुमारास व त्यापुढें जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादि समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालें. कोल्हापूरला विद्यार्थि-वसतिगृहांची जननी म्हणतात, तें उगीच नव्हे. येथील जैन वसतिगृहांत राहिलेल्या भाऊराव पाटलांनीं पुढें १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें वसतिगृह काढलें. नुसती शाळा असून भागत नाहीं, अभ्यासाला जागा, वेळ आणि सोबतहि लागते, हें या थोर पुरुषांनीं ओळखलें होतें. आज कॉलेज घरांत आलें, पण वसतिगृह घरांत आलेलें नाहीं. तें आतां विद्यार्थ्यानें व पालकांनीं मिळून घरांतच उभारलें पाहिजे, एवढेंच आमचें सांगणें आहे. त्याला विटा-चुना लागत नाहीं. चार नियम लागतात.

पहिला नियम जागेचा व वेळेचा. सोप्याचा कोपरा असो, माडीवरची खिडकी असो, जागा रोज एकच असावी व वर्गाच्या वेळीं तेथें बसूनच ऐकावें. अंथरुणावर पडून ऐकलेलें व्याख्यान अंथरुणांतच राहतें. वेळापत्रक स्वतःच्या हातानें लिहून भिंतीला लावावें, म्हणजे घरांतल्या सर्वांना तें दिसेल. मुद्रित व्याख्यान केव्हांहि पाहतां येतें, म्हणूनच पुष्कळ वेळां तें कधींच पाहिलें जात नाहीं. तेव्हां त्यालाहि वार आणि तास ठरवून द्यावा. आणि तो तास संपेपर्यंत मोबाइलवरील इतर संदेशांची टिणटिण बंद ठेवावी.

दुसरा नियम लेखणीचा. पाहणें म्हणजे शिकणें नव्हे. खासबागेंत बसून कुस्ती पाहणारा प्रत्येक जण डावाचें नांव सांगतो, पण तेवढ्यानें तो पैलवान होत नाहीं; माती अंगाला लागावी लागते. व्याख्यान दहा-पंधरा मिनिटें ऐकावें, मग थांबवावें, मोबाइल पालथा घालावा आणि ऐकलेलें न पाहतां स्वतःच्या शब्दांत वहींत लिहावें. जेथें लेखणी अडेल, तेथेंच आपलें समजणें अपुरें आहे असें जाणून तेवढा भाग पुन्हां ऐकावा. वर्गांतल्या शिक्षकांना असें पाहिजे तेथें थांबवितां येत नाहीं. मुद्रित व्याख्यानाची ही खरोखर मोठी सवलत आहे, आणि नेमका तिचाच उपयोग फार थोडे विद्यार्थी करतात.

तिसरा नियम त्या त्या आठवड्याचें काम त्या त्या आठवड्यांत करण्याचा. 'स्वयं'वर आय. आय. टी. संस्थांनीं चालविलेले एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचें उदाहरण घेऊं. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्यास एक स्वाध्याय असतो. त्यांतील उत्तम अशा ८ स्वाध्यायांची सरासरी काढून २५ गुण धरतात, व केंद्रावर जाऊन द्यावयाच्या अखेरच्या परीक्षेला ७५ गुण असतात. बारांपैकीं आठच धरतात, असें कळतांच कांहीं जण पहिले चार आठवडे सुटीचे समजतात! ही सवलत आजारपणासाठीं व अडचणीसाठीं आहे, आळसासाठीं नव्हे. सन २०२१ च्या जुलैमध्यें पंचगंगेला महापूर आला, तेव्हां कॉलेजें ऑनलाइनच चालू होतीं; कित्येक गांवांत पाणी शिरलें आणि वीजहि गेली. आपल्या जिल्ह्यांत तरी कोणीं शेवटच्या रात्रीवर भरंवसा ठेवूं नये. तसेंच, स्वाध्यायाचीं उत्तरें मित्राकडून उतरून घेणाऱ्याला, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेणाऱ्याला, त्या २५ पैकीं गुण कदाचित् मिळतील. पण ७५ गुणांच्या प्रश्नपत्रिकेपुढें तो एकटाच बसलेला असतो, हें त्यानें विसरूं नये.

चौथा नियम विचारण्याचा व सोबतीचा. वर्गांत मान वर केली तरी शिक्षकांना आपली अडचण चेहऱ्यावरून कळते. पडद्यामागचा चेहरा त्यांना दिसत नाहीं. म्हणून येथें लाजणाऱ्याचें नुकसान दुप्पट होतें. 'सर, समजलें नाहीं' एवढेंच लिहूं नये. कोणतें व्याख्यान, कोणती पायरी आणि आपण कोठवर पोहोंचलों होतों, हें नीट लिहावें. प्रश्न नीट मांडतांना अर्धें उत्तर आपलें आपल्यालाच सांपडतें, असा आमचा अनुभव आहे. शिवाय त्याच विषयाचे दोघे-तिघे सोबती गांवांत शोधावेत व रविवारीं तासभर एकत्र बसून एकमेकांना शिकवावें. नाहींसा झालेला शेजार असा परत मिळवितां येतो.

आतां पालकांना एक विनंती, आणि तिच्या आरंभीं आमच्या एका चुकीची कबुली. त्याच साथीच्या वर्षीं आमच्या वर्गांतील एक मुलगी वरचेवर गैरहजर असे. एके संध्याकाळीं आम्हीं तिच्या घरीं फोन करून तिच्या हयगयीबद्दल आईला बरेंच सुनावलें. पुढें कळलें कीं, घरांत मोबाइल एकच. वडिलांची दिवसपाळी असली म्हणजे तो त्यांच्याबरोबर कामावर जाई, आणि घरीं असला म्हणजे त्याच वेळीं भावाचाहि वर्ग असे. जो दिवस तिच्या वांट्याला येई, त्या दिवशीं नळाला पाणी आलें, पाहुणे आले, दळण आणावयाचें आहे, अशा हांका सुरू होत. कारण ती घरांतच होती. कारण न विचारतां आम्हीं दोष दिला, हें आमचें चुकलें. आम्हीं तिची क्षमा मागितली. परंतु तिचे बुडालेले धडे कांहीं आमच्या क्षमायाचनेनें परत आले नाहींत.

ही गोष्ट त्या एकाच घराची नाहीं. मुलगी दप्तर घेऊन बाहेर पडली, म्हणजे ती शाळेंत गेली हें सर्वांना समजतें. तीच मुलगी घरांत पडद्यासमोर बसली, तर ती रिकामी आहे असें आपण धरून चालतों. वर्गाच्या तासापुरती ती घरीं नाहींच, असें समजावें. त्या तासांत तिला हांक मारूं नये. मोबाइल एकच असेल तर मुलाचें व मुलीचें वेळापत्रक शेजारीं शेजारीं मांडून त्याची वांटणी न्यायानें करावी. याला खर्च कांहींच नाहीं. आपल्या संवयींना थोडा आळा मात्र घालावा लागतो.

एवढें लिहिलें म्हणून ऑनलाइन वर्ग हा कॉलेजची बरोबरी करतो, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रयोगशाळेंतील हाताचें काम, मैदान आणि तोंडासमोरचा वादविवाद हीं पडद्यावर येत नाहींत. ज्यांना कॉलेजांत जातां येईल त्यांनीं अवश्य जावें. परंतु नोकरी करून शिकणारा तरुण, लग्नानंतर शिक्षण सुटलेली स्त्री, किंवा आपल्या गांवीं तो विषयच नाहीं असा विद्यार्थी, यांना हाच मार्ग मोकळा आहे, व तो हलका मानण्याचें कारण नाहीं.

आणि आमच्या बालमित्रांनो, याची तयारी कॉलेजांत गेल्यावर करूं असें म्हणूं नका. या सुटींतच घरांतला एक कोपरा निवडा. रोज एक तास, कोणी घंटा न वाजवितां, तेथें जाऊन बसा. कोणी पाहत नसतां वही उघडा. आणि तास संपला म्हणजे आज काय समजलें तें आईला किंवा धाकट्या भावंडाला सांगा. प्रथम चार दिवस जड जाईल, पण संवयीनें तेंच सोपें होईल. शाळा पुन्हां उघडल्यावर तुमच्यापैकीं कोणकोणाच्या घरीं असें वसतिगृह निघालें, हें आम्ही आठवणीनें विचारणार आहों.