नारूचा कृमी आणि गळण्याचे वस्त्र

पाणी गाळून प्यावे, हा श्रावकाच्या घरातील पहिला आचार. माणगावसारख्या कोकणातील बाजारपेठांत मारवाडातून येऊन स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनीही हा आचार आपल्याबरोबर आणला. नळाच्या तोटीला बांधलेले दुहेरी कापडाचे गळणे अनेक घरांत आजही दिसते. मात्र नळाला शुद्ध केलेले पाणी येत असताना हे फडके कशासाठी, असा प्रश्न घरातील शिकलेली मुले विचारतात. तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्या उत्तराचा मोठा भाग नारू नावाच्या रोगाच्या इतिहासात सापडतो.

नारू हा एक गोलकृमी आहे. मारवाडात त्याला ‘बाला’ म्हणत. गोलकृमींचे कुळ फार मोठे असून त्यांतील असंख्य जाती माती, नद्या आणि समुद्र यांत स्वतंत्रपणे, कोणालाही पीडा न देता जगतात. काही जाती मात्र दुसऱ्या प्राण्याच्या शरीराचा आश्रय घेतात. नारूला असे दोन आश्रय लागतात. पहिला म्हणजे सायक्लॉप्स हा जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीचा जलजीव, आणि दुसरा माणूस.

विहिरीच्या किंवा तळ्याच्या साचलेल्या पाण्यात नारूच्या अळ्या असल्या, की सायक्लॉप्स त्यांना गिळतो. सुमारे दोन आठवड्यांत त्या त्याच्या शरीरात पक्व होतात. असे पाणी माणसाने न गाळता प्यायले, की पोटात सायक्लॉप्स मरतो आणि अळ्या मोकळ्या होऊन आतड्याच्या भित्तीतून शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर रोग्याला काहीच कळत नाही. तेवढ्या काळात मादी जवळजवळ एक मीटर लांब वाढते. मग बहुधा पायावर फोड येतो, असह्य आग होते आणि फुटलेल्या फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोकावू लागतो. ती आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, आणि नेमक्या त्याच क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात सोडते. अशा रीतीने फेरा पुन्हा सुरू होतो.

या रोगावर ना लस आहे, ना गुणकारी औषध. काडीवर गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा कृमी ओढून काढणे, एवढाच उपाय शतकानुशतके होता व आजही आहे. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस महिना महिना अंथरुणाला खिळला, की त्या घराचे वर्ष बुडे. सायक्लॉप्सच्या पोटात या कृमीची वाढ होते, हे रशियन संशोधक फेदचेंको यांनी 1870 च्या सुमारास तुर्कस्तानात दाखवून दिले. तोवर नारूचा पाण्याशी काही संबंध आहे, एवढेच लोकांना अनुभवाने ठाऊक होते.

आपल्या देशात 1984 साली सुमारे 40 हजार रुग्ण नोंदले गेले. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तामिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्रही बाधित राज्यांत होता. त्याच सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाने गावोगाव हातपंप बसविले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून रहाटाच्या केल्या, रुग्णाने पाण्यात उतरू नये यावर लक्ष ठेवले, आणि घरोघरी पाणी गाळण्याची वस्त्रे दिली. देशातील शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. मारवाडातील मूळ गावाशी नाते राखून असलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना हा रोग ऐकीव नव्हे, पाहिलेला आहे.

या कार्यक्रमात सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस हे औषधही टाकले गेले. सामाजिक आरोग्याच्या दृष्टीने ते आवश्यक मानले गेले. परंतु कापडाच्या गळण्याने जे साधले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. सायक्लॉप्स कापडावर अडतो, माणूस रोगापासून वाचतो आणि तो जीवही वाचतो. गाळल्यानंतर वस्त्रावर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या जलाशयातून पाणी आणले त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडण्याची आपली परंपरा आहे. गळण्याचा मूळ हेतू जीवदया हाच होता. आरोग्य हे त्याचे अनायासे मिळालेले फळ.

तथापि त्या फळाला मर्यादाही आहेत आणि त्या प्रामाणिकपणे जाणल्या पाहिजेत. आज कोकणात नारू नाही. पण जंत आणि अंकुशकृमी हे त्याच कुळातील कृमी देशभर आढळतात. जंतांची अंडी इतकी सूक्ष्म असतात की साध्या कापडातून ती सहज पार जातात. ती प्रामुख्याने माती लागलेल्या हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर पिण्याच्या पाण्याची वाटही पाहत नाही. उघड्यावरील शौचामुळे दूषित झालेल्या ओल्या, सावलीच्या मातीत ती काही काळ स्वतंत्रपणे जगते आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरते. पुढे आतड्याला चिकटून ती रक्त शोषते. मुले व स्त्रिया यांच्यातील रक्तक्षयाचे ते एक मोठे कारण आहे. माणगाव तालुक्यात काळ नदीच्या काठी पावसाळ्यात महिनोन् महिने जमीन भिजलेली असते, तेव्हा ही गोष्ट विसरून चालणार नाही.

याच कारणास्तव 2015 पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, आणि 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती कृमीचे पोषण तोडते आणि कृमी मरतो. येथे श्रावकाच्या मनात खरा पेच उभा राहतो. तत्त्वार्थसूत्रात एकेक इंद्रिय अधिक असणाऱ्या जीवांची उदाहरणे सांगताना कृमी, मुंगी, भुंगा आणि माणूस असा क्रम दिला आहे. म्हणजे कृमी हा द्वींद्रिय त्रस जीव आहे. मग मुलाला गोळी द्यावी की नाही? गृहस्थाचा त्याग प्रामुख्याने संकल्पी हिंसेचा आहे. मारण्याच्या हेतूने मारणे वेगळे आणि पोटच्या लेकराचा रोग बरा करणे वेगळे, हा विवेक श्रावकाचारात आहेच. ज्यांना शंका असेल त्यांनी गुरुमहाराजांना विचारावे; मात्र शंकेपोटी रक्तक्षयाने फिकट पडलेल्या मुलाचा उपचार लांबवू नये.

ज्या घरात कृमी शिरतच नाही, तेथे मारण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. म्हणून गळण्याच्या आचारामागचे धोरण आणखी चार ठिकाणी चालवावे. गाळलेले पाणी उकळावे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे 48 मिनिटांची आहे, आणि उकळल्याने जे कापडातून निसटते त्याचाही बंदोबस्त होतो. भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी. जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत, नखे कापावीत. पावसाळ्यात वाडीत किंवा शेतात जाताना पायांत चप्पल असावी. आणि दुकानात वा गोदामात काम करणाऱ्या माणसांना स्वच्छ शौचालय मिळते की नाही, याची चौकशी मालकाने स्वतः करावी.

राहिला मुलांचा प्रश्न. त्यांना गळणे दाखवून नारूचा हा इतिहास सांगावा. नळाच्या पाण्यात सायक्लॉप्स नसेलही; पण पाण्यातला जीव दिसत नसला तरी तो आहे असे समजून वागण्याची सवय या वस्त्राने पिढ्यान् पिढ्या जपली. फडके मात्र रोज धुवून उन्हात वाळवावे आणि विरले की बदलावे. विरलेल्या फडक्याने जीवदयाही साधत नाही आणि आरोग्यही साधत नाही.