उद्धरणांचा बाजारभाव

शास्त्रज्ञाची थोरवी त्याचे निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावरून ठरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये उद्धरणांची सूची काढली ती निबंध शोधण्याची सोय म्हणून. पुढे तिचाच तराजू झाला.

संरचनात्मक जीवशास्त्राचे उदाहरण घ्या. नागपूरचे डॉ. शेखर मांडे क्षयजंतूच्या प्रथिनांची रचना उलगडीत आले. २०११ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक झाले. प्रथिनाचा स्फटिक मिळविण्यातच कधी कधी वर्षे जातात. दौंडचा क्षयरोगी काही तो निबंध उद्धृत करणार नाही! जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांच्या १९६३ च्या आलेखावर प्रथिनांच्या नव्या रचना पडताळण्याचा प्रघात आहे. पण तो इतका अंगवळणी पडला आहे, की मूळ निबंधाचा निर्देश पुष्कळ जण करीतच नाहीत.

मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते बिघडते, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच चलनधोरणासंबंधी दाखविले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक लावले आणि पैसे घेऊन निबंध छापणाऱ्यांची सुगी झाली. त्यांना आवर घालणारी केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली.

शिरूरच्या कांद्याच्या भावावर येथल्या अध्यापकाने प्रामाणिक निबंध लिहिला, तर त्याला उद्धृत करणारे किती भेटतील? निवड समितीने अर्जदाराचे दोन निबंध तरी स्वतः वाचून लेखी अभिप्राय द्यावा. त्यासाठी विद्यापीठाला नवा निधीही लागणार नाही.