पितृपंधरवड्यात घर बघावं

गुढीपाडवा जवळ आला की वर्तमानपत्रांची पानं बिल्डरांच्या जाहिरातींनी भरून जातात. अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, प्रत्येक वेळी तेच. मराठी घरांत वास्तूची बोलणी साडेतीन मुहूर्तांभोवतीच होतात आणि त्यात गैर काही नाही. आयुष्याची पुंजी ओतायची तर चांगला दिवस पाहावासा वाटणारच. अडचण एवढीच, की पैसे देण्याचा मुहूर्त हाच घर पारखण्याचा हंगाम समजला जातो.

घर पारखावं ते भर पावसात. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस इमारतीच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाला झोडपतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बाजूच्या भिंतीला आतून नुसता हात लावला तरी ओल कळते. खिडकीखाली फुगलेला रंग, बाथरूमच्या छतावर वरच्या फ्लॅटमधून उतरलेले पिवळे डाग, शेवटच्या मजल्यावर गच्चीतून झिरपणारं पाणी, तळघरातल्या पार्किंगमध्ये सतत चालणारा पंप, हे सगळं त्या दोन महिन्यांत उघड्यावर असतं. दिवाळीपर्यंत भिंती वाळतात, रिसेलच्या फ्लॅटला नवा रंग लागतो आणि नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकांची रीघ लागते.

नदीकाठच्या घरांचं तर विचारूच नये. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीतल्या सोसायट्यांत पाणी शिरलं. २०१९च्या जुलैत उल्हास नदीने बदलापूरची तीच गत केली. डिसेंबरात हाच काठ पाहणाऱ्याला नदीचं सुंदर दृश्य दिसतं. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आपल्या इमारतीच्या कुठल्या बाजूने जाते, हे बयाणा देण्याआधी नकाशावर पाहायलाच हवं.

उन्हाळ्याचाही एक उपयोग आहे. मे महिन्यात सोसायटीच्या फाटकापाशी तासभर थांबलं की टँकर येतो का, किती येतात, ते कळतं. वाघोली-उंड्रीकडे फ्लॅट पाहणाऱ्यांनी सोसायटीच्या हिशेबातला टँकरचा खर्च जरूर मागावा.

सरकारचं वर्ष मात्र पंचांगाने चालत नाही. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलला लागू होतात. दोन वर्षं स्थिर राहिलेले दर २०२५च्या एप्रिलमध्ये वाढले. म्हणून मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत झुंबड उडते. खरं तर करारावर ३१ मार्चपर्यंत सह्या होऊन मुद्रांक शुल्क भरलेलं असेल, तर नोंदणीसाठी सहीपासून चार महिने मिळतात. शुल्काचा फरक केवढा प्रभावी ठरतो, हे २०२०मध्ये दिसलं. मुंबईत ५ टक्के असलेलं मुद्रांक शुल्क १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळापुरतं २ टक्क्यांवर आलं आणि त्या डिसेंबरात शहरात १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. आदल्या वर्षीच्या डिसेंबरच्या तुलनेत हे जवळपास तिप्पट. करोनाच्या त्या वर्षात लोकांनी मुहूर्त नव्हे, मुदत पाहिली.

आणखी एक कालगणना इमारतीची स्वतःची असते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यांवर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर तो लागत नाही. ८० लाखांच्या घरात हा फरक ४ लाखांचा होतो. सणाच्या सवलतीत मिळणारं सोन्याचं नाणं किंवा मॉड्युलर किचन यापुढे किरकोळच. अशा भेटवस्तूंऐवजी किमतीतच घट मागणं केव्हाही बरं, कारण जीएसटी आणि मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर लागतं. अर्थात ती किंमत रेडी रेकनरच्या खाली गेली, तर मुद्रांक शुल्क रेकनरच्या आकड्यावरच आकारलं जातं.

या सगळ्याचा मेळ कुठे बसत असेल, तर तो पितृपंधरवड्यात. पाऊस पुरता गेलेला नसतो, भिंतींवरची ओल अजून बोलत असते आणि साइट ऑफिसात गर्दी नसल्याने विकणाऱ्याकडे बोलायला वेळ असतो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्या दिवसांत व्यवहार करू नये. घर बघायला, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्यायला, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर आराखडे आणि ताबा देण्याची तारीख तपासायला, बँकेत कर्जाची कागदपत्रं द्यायला काहीच हरकत नसावी. पंधरवडा आणि त्यानंतरचं नवरात्र मिळून दसऱ्यापर्यंत एरवी साधारण पंचवीस दिवस हाती येतात. या कामांना तेवढेच लागतात.

दसऱ्याला बयाणा द्यावा, पण रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवल्याशिवाय प्रवर्तकाला १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दसऱ्याला सरकारी सुट्टी असते. त्यामुळे नोंदणीची वेळ त्यापुढच्या कामकाजाच्या दिवसाची घ्यावी आणि मोठा धनादेश त्या दिवसापर्यंत आपल्याच जवळ ठेवावा.