फॅक्सचा कागद आणि घरचें दप्तर

चिपळूण तालुक्यांतील सावर्डे हें मुंबई-गोवा महामार्गावरचें गांव. घर व आगर गांवीं आणि कर्ते पुरुष मुंबईपुण्यास, हा कोंकणांतील एकत्र कुटुंबांचा जुनाच प्रघात. वांटणीच्या मसुद्यास चार भावांची संमति हवी असली म्हणजे टपालाची वाट पाहणें आलें. तार लवकर येई. परंतु तारेंतून मजकूर येई, सही येत नसे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘एस.टी.डी., आय.एस.डी., फॅक्स’ अशा पाट्या ठिकठिकाणीं झळकूं लागल्या, तेव्हां ही उणीव भरून निघाली.

हें यंत्र नवें वाटलें तरी त्याची कल्पना टेलिफोनहूनहि जुनी. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन या घड्याळजीनें १८४३ सालीं तिचें पेटंट घेतलें. बेल यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें तें १८७६ सालीं. कासेल्ली या इटालियन गृहस्थांच्या यंत्रानें १८६५ पासून पॅरिस व लियों या शहरांदरम्यान हस्ताक्षरें जाऊं लागलीं. पुढें १९८० मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें आणि एक पान सुमारें एका मिनिटांत पोंचूं लागलें.

यंत्राची खुबी अशी कीं, तें अक्षर वाचीत नाहीं. कागद ओळीओळीनें न्याहाळून काळें कोठें, पांढरें कोठें, एवढेंच तें टिपतें व ध्वनिरूपानें टेलिफोनच्या तारेवरून धाडतें. त्यामुळें त्यास इंग्रजी, देवनागरी, मोडी सारखींच. सहीच्या या ओढीनेंच तें अद्याप टिकलें आहे. आपल्याकडील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण नोव्हेंबर २०१८ मध्यें जम्मू-काश्मीरांत सत्तेवर दावा सांगणारें पत्र राजभवनाच्या फॅक्सवर पोंचलें नाहीं, यावरून केवढा गहजब झाला! जपानांत २०२१ सालीं सरकारी कचेऱ्यांतून फॅक्स हटविण्याचा बेत निघाला, तोहि शेंकडों हरकतींमुळें अडला.

आतां मुद्द्याची गोष्ट. त्या काळचे बहुतेक फॅक्स उष्णतेनें काळ्या पडणाऱ्या रासायनिक कागदावर निघत. हा गुळगुळीत कागद ऊन, उष्मा व प्लॅस्टिकचें पाकीट यांच्या संगतींत फिका होत जातो आणि शेवटीं कोरा पडतो. शंभर वर्षांमागील शाईचें खत पेटींत शाबूत, आणि पंचवीस वर्षांमागील भावाची संमति मात्र पुसून गेलेली, असा विपरीत प्रकार होतो. काकांच्या हातच्या चार ओळीहि तशाच जातात.

यास्तव आमची वाचकांस विनंति आहे. या सुटींत सर्व मंडळी जमतील तेव्हां दप्तर उघडा, गुळगुळीत कागद निवडा आणि साध्या कागदावर त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून तारीख व धाडणाराचें नांव मागें लिहा. फॅक्स ही केवळ प्रत. मूळ कागद धाडणाराकडेच राहिला असणार. तो त्यांच्या घरीं आहे कीं नाहीं, हें विचारण्याजोगीं वडील माणसें हयात आहेत, तोंवरच विचारून घ्यावें.