न वापरलेली तयारी

इथे अरुणाचलात हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडू लागतो. मग बराकीत बुद्धिबळाचा पट निघतो. तरुण पोरं मोबाइलवर पाहून ओपनिंगच्या दहा-बारा चाली पाठ करून येतात आणि समोरच्याने एक चाल वेगळी केली की गडबडतात. त्यांना मी एक डाव दाखवतो: अरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झे, जानेवारी 2013.

आनंद काळ्या मोहऱ्यांनी सेमी-स्लाव्हमधला मेरान खेळला. यात काळ्याचा बी-7 वरचा उंट आपल्याच सी-6 च्या प्याद्यामागे अडकतो. ते प्यादं सी-5 वर सरकलं की त्याची तिरकी वाट मोकळी होते; या ओपनिंगचा जीव तिथेच आहे. बाराव्या चालीला आनंदने ते सरकवलं आणि एच-7 चं प्यादं खुशाल जाऊ दिलं. सोळाव्या चालीला एक घोडा माऱ्यात असताना त्याने दुसराही ई-5 वर प्याद्याच्या तोंडी दिला. एफ-4 च्या प्याद्याने तो मारला असता, तर जी-1 वर वजिराचा बळी देऊन एफ-2 वर घोड्याने मात होती! 23 चालींत अरोनियनने डाव सोडला.

ही तयारी मुळात 2012 मध्ये मॉस्कोत गेल्फांडशी झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी होती. तिथे ती लागलीच नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्यापुढे कामी आली.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. ड्रिल म्हणजे तरी दुसरं काय? पण प्रत्येक चालीमागचं 'का' कळलं, तरच ती ऐनवेळी हाताशी येते.

निवृत्तीला आलेले आमचे एक सुभेदार साहेब म्हणाले होते, "अठ्ठावीस वर्षं सँड मॉडेलवर हल्ले केले. खरा एकही नाही. मग केलं काय आम्ही?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

पुढे एका रात्री रस्त्यावर दरड कोसळली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पोरांनी कुणी सांगायच्या आत माणसं मोजली, दोर बांधले, वायरलेस लावला. शिकवलं होतं हल्ल्यासाठी, वापरलं माणसं वाचवायला.

साहेब, हे वाचत असाल, तर उत्तर उशिरा देतोय. तुमची तयारी वाया गेली नाही. ती दुसऱ्या डावात लागली.